ब्रिटन, जपान आणि अद्भुतकथा: दोन द्वीपराष्ट्रांची देवाणघेवाण

इंग्लंडमधल्या एका जुन्या घराच्या फरशीखाली राहणारे बोटभर उंचीचे कुटुंब टोकियोच्या उपनगरात राहायला येते. वेल्समध्ये जन्मलेला जादूगार जपानी चित्रपटात युद्धाच्या आकाशातून उडतो. आणि टोकियोजवळच्या टेकड्यांतला एक प्रचंड केसाळ वनदेव लंडनच्या रंगभूमीवर अवतरतो, तेव्हा थिएटरमधली लहान मुले श्वास रोखून बघत राहतात. ब्रिटन आणि जपान या दोन देशांमधल्या अद्भुतकथेच्या देवाणघेवाणीची ही अलीकडची आणि सर्वांना दिसणारी रूपे आहेत. तिचा इतिहास मात्र तीनशे वर्षांचा आहे आणि बहुतेक काळ ती समान पातळीवर झालेली नाही. जपानने ब्रिटनची अद्भुतकथा वाचली, अनुवादली, मुलांच्या हातात दिली आणि तिच्यातून स्वतःची नवी परंपरा उभी केली. ब्रिटनने दीर्घकाळ जपान या देशालाच एक अद्भुतकथा मानले. या दोन वृत्तींमधले अंतर कसे कमी होत गेले, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या देवाणघेवाणीचे मोल कळत नाही.

आरंभ 1726 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’पासून करावा लागतो. बुटक्यांचे आणि राक्षसांचे देश सर्वांना ठाऊक असतात. तिसऱ्या भागात गलिव्हर जपानला जातो, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याने भेट दिलेल्या दूरदेशांपैकी नकाशावर खरोखर सापडणारा देश तेवढा एकच. उडत्या लापुटा बेटानंतर आणि अमर माणसांच्या लगनॅगनंतर तो 1709 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागतो, आपण डच व्यापारी असल्याचे सांगतो आणि येदो नगरीत सम्राटासमोर उभा राहतो. त्या काळी युरोपीयांपैकी फक्त डचांना जपानमध्ये व्यापाराची मुभा होती, तीही नागासाकीजवळच्या एका छोट्या कृत्रिम बेटापुरती. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती आणि संशयितांना पवित्र प्रतिमेवर पाय द्यायला लावत. या विधीतून सूट मिळावी, अशी विनंती गलिव्हर करतो. प्रवासवृत्तांतांतून युरोपात पोचलेले हे तपशील स्विफ्टला ठाऊक होते. तरीही त्याच्या पुस्तकात जपानची जागा लापुटा आणि लगनॅग यांच्या ओळीतच आहे. बंद दारांआडचा देश म्हणजे कल्पिताच्या सीमेवरचा देश, ही समजूत इंग्रजी वाचकांच्या मनात तेव्हापासून रुजलेली दिसते.

ती दारे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उघडली, पण समजूत लगेच गेली नाही. ब्रिटिश वकिलातीत काम केलेल्या ए. बी. मिटफर्ड यांचे ‘टेल्स ऑफ ओल्ड जपान’ 1871 मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तेचाळीस सामुराईंच्या सूडाच्या कथेबरोबर त्यात चिमणीच्या, कोल्ह्याच्या आणि बोलक्या प्राण्यांच्या लोककथाही होत्या. 1885 पासून टोकियोचे प्रकाशक ताकेजिरो हासेगावा यांनी सुरकुतलेल्या मऊ कागदावर लाकडी ठशांनी रंगीत चित्रे छापून जपानी परीकथांची इंग्रजी पुस्तिकामाला काढली. पीचच्या फळातून जन्मलेल्या मोमोतारोची कथा तिच्यात पहिली होती. ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे बेसिल हॉल चेंबरलेन यांनीही या मालेसाठी कथा लिहिल्या. पुस्तिका देखण्या होत्या आणि परदेशी पाहुणे त्या आठवण म्हणून घरी नेत. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे: जपानी कथा जपानी प्रकाशकानेच जाणीवपूर्वक इंग्रजीत पाठवल्या होत्या. बाहेरच्यांनी येऊन गोळा करून नेलेला हा ऐवज नव्हता.

त्याच 1885 साली लंडनच्या सव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे ‘द मिकाडो’ हे संगीतक आले आणि त्याचे 672 प्रयोग झाले. जपानी पोशाखातली पात्रे प्रत्यक्षात ब्रिटिश नोकरशाहीचीच थट्टा करत होती. जपान हा तिथे फक्त एक पडदा होता. ऑस्कर वाइल्डने 1889 मधल्या एका संवादरूप निबंधात हेच नेमके ओळखले: ज्या जपानवर लंडन भाळले आहे तो काही चित्रकारांच्या कल्पनेतून निघालेला आहे, तिथली खरी माणसे इतर कुठल्याही माणसांसारखीच आहेत, असा त्याचा मुद्दा होता. पंखे, किमोनो आणि चेरीची फुले यांच्या त्या गर्दीत इतके स्पष्ट बोलणारे फार थोडे होते.

देवाणघेवाण खरी व्हायला दोन्हीकडे मुळे असलेली माणसे लागतात. लाफकाडिओ हर्न हा असा पहिला महत्त्वाचा लेखक. आयरिश वडील आणि ग्रीक आई यांचा हा मुलगा डब्लिनमध्ये वाढला, अमेरिकेत पत्रकार झाला आणि 1890 मध्ये जपानला पोचला. तिथे त्याने सेत्सु कोइझुमी यांच्याशी विवाह केला आणि 1896 मध्ये याकुमो कोइझुमी या नावाने जपानी नागरिकत्व घेतले. 1904 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वाइदान’ या त्याच्या भुताखेतांच्या कथासंग्रहामागे सेत्सु यांचे कथन होते. पुस्तकातून वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा हर्नचा आग्रह असे. मंद दिव्याच्या उजेडात त्या सांगत आणि तो ऐकत राही. आयर्लंडमधल्या बालपणी ऐकलेल्या भुतांच्या गोष्टींनी त्याचा कान आधीच तयार झालेला होता. हे इंग्रजी पुस्तक पुढे जपानीत अनुवादले गेले, त्यातल्या कथा शाळेच्या पुस्तकांत आल्या आणि बर्फाच्या स्त्रीची किंवा कान गमावलेल्या वीणावादकाची कथा जपानमध्येही बव्हंशी हर्नच्या रूपातच प्रचलित झाली. जपानची कथा परक्या भाषेत जाऊन घरी परतली, ती थोडी बदलून.

हर्न टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत असे. 1903 मध्ये त्याच्या जागी आलेले नात्सुमे सोसेकी नुकतेच लंडनमध्ये दोन वर्षे काढून परतले होते. ती वर्षे त्यांना एकाकीपणाची आणि क्लेशाची गेली. मात्र 1905 मध्ये त्यांनी लिहिलेल्या दोन कथा या इतिहासात फार मोलाच्या आहेत. एकीत लंडनच्या बुरुजाला भेट देणाऱ्या निवेदकाला भिंतींआडून कैदेतले राजपुत्र आणि वधस्तंभाकडे जाणारी तरुण राणी दिसू लागतात. दुसरीत राजा आर्थर, लान्सलॉट आणि शॅलॉटची स्त्री जपानी गद्यात नव्याने उभी राहतात. इंग्लंडच्या मध्ययुगीन आख्यानाला जपानी लेखकाने आपल्या आधुनिक कथेचा विषय करणे, हे धाडस त्या काळी विलक्षण होते. र्युनोसुके आकुतागावा यांनीही याच विद्यापीठात इंग्रज लेखक विल्यम मॉरिसवर प्रबंध लिहून पदवी घेतली. त्यांच्या 1927 च्या ‘काप्पा’ कादंबरीत मनोरुग्णालयातला एक माणूस जपानी लोककथेतल्या जलचरांच्या राज्यात जाऊन आल्याची हकिकत सांगतो, आणि तिच्यामागे स्विफ्टची सावली स्पष्ट जाणवते. स्विफ्टने जपानला कल्पित देशांच्या रांगेत बसवले होते. दोन शतकांनी एका जपानी लेखकाने स्विफ्टचीच रीत आपल्या समाजावर रोखली.

ब्रिटनच्या बाजूने याच सुमारास एक गंभीर पाऊल पडले. जपानी कलेचे अमेरिकी अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा यांनी मागे ठेवलेली जपानच्या नो नाटकांची टिपणे कवी एझरा पाउंडकडे आली आणि पाउंडमुळे डब्ल्यू. बी. येट्सपर्यंत पोचली. 1916 मध्ये लंडनच्या एका दिवाणखान्यात येट्सचे ‘अ‍ॅट द हॉक्स वेल’ सादर झाले. आयरिश दंतकथेतला वीर, मुखवटे, रिकामा रंगमंच आणि ससाण्याचे नृत्य करणारा मिचिओ इतो हा जपानी नर्तक, असा तो प्रयोग होता. प्रेक्षक मूठभर होते. तरीही जपानी कला ही दिवाणखान्याची शोभा नसून अदृश्य जगाला रंगमंचावर आणण्याची एक परिपक्व पद्धत आहे, हे ब्रिटनमधल्या एका मोठ्या कवीने मान्य केल्याचा हा क्षण होता. ही वाट पुढे रुंद मात्र झाली नाही.

जपानमध्ये दरम्यान अनुवादाचे काम सलग चालले होते. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ 1899 मध्येच एका मुलांच्या मासिकात जपानी रूप घेऊन आले. कवी हाकुशु किताहारा यांनी 1921 मध्ये ‘मदर गूज’ची बालगीते जपानीत आणली. आकुतागावा यांनी हाती घेतलेला ‘अ‍ॅलिस’चा अनुवाद त्यांच्या आत्महत्येनंतर त्यांचे मित्र कान किकुची यांनी पूर्ण केला. 1933 च्या नाताळात मोमोको इशिई या तरुण संपादिकेला एका परिचित कुटुंबाच्या घरी ‘पू’ अस्वलाचे इंग्रजी पुस्तक दिसले आणि ती तिथल्या मुलांना ते तोंडी जपानीत सांगू लागली. हे घर होते आदल्या वर्षी लष्करी तरुणांनी हत्या केलेल्या पंतप्रधान त्सुयोशी इनुकाई यांच्या कुटुंबाचे. त्या कथनातून उतरलेला अनुवाद 1940 मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला.

युद्धोत्तर काळातल्या बालसाहित्याचा विचार इशिई यांच्याशिवाय करता येत नाही. 1950 मध्ये इवानामी या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी सुरू केलेल्या ग्रंथमालेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि 1958 मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरातच मुलांचे वाचनालय उघडले. मुले कोणते पुस्तक पुन्हा मागतात आणि कुठे कंटाळून उठतात, हे त्या स्वतः बघत. ब्रिटिश अद्भुतकथा जपानमध्ये टिकली याचे कारण इथे सापडते. पुस्तके केवळ आयात झाली नाहीत, ती मुलांच्या समोर पारखली गेली. परभाषेतले साहित्य आपल्या भाषेत रुजवण्याचे इतके निगुतीने केलेले काम इतरत्र क्वचितच दिसते.

याचे फळ 1959 मध्ये दिसले. मेरी नॉर्टन यांचे ‘द बॉरोअर्स’, म्हणजे माणसांच्या वस्तू उसन्या घेऊन जगणाऱ्या इवल्या माणसांची कथा, 1952 मध्ये इंग्लंडमध्ये आली आणि 1956 मध्ये जपानीत उतरली. तीन वर्षांनी, एकाच साली, इवल्या माणसांवरच्या दोन जपानी कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. सातोरु सातो यांच्या कादंबरीतले ठेंगू आइनू लोककथेतून येतात आणि एका टेकडीवर लपून राहतात. त्या टेकडीवरून रस्ता नेण्याचा बेत होतो, तेव्हा त्यांचा मानवी मित्र त्यांच्या बाजूने उभा राहतो. तोमिको इनुई यांच्या कादंबरीतले ठेंगू मात्र इंग्रज आहेत. मायदेशी परतणारी एक इंग्रज शिक्षिका त्यांना एका जपानी मुलाच्या स्वाधीन करून जाते. त्यांना जगण्यासाठी रोज निळ्या काचेच्या पेल्यात दूध लागते. मुलगा मोठा होतो, ही जबाबदारी त्याच्या मुलीकडे, युरीकडे येते, आणि मग महायुद्ध सुरू होते. वडील विचारांपायी तुरुंगात जातात, भाऊ युद्धज्वराने भारलेला, बाजारात दूध दुर्मीळ, आणि घराच्या माळ्यावर शत्रूच्या देशातून आलेले चिमुकले कुटुंब. त्या पेल्यात दूध भरत राहणे हीच युरीची लढाई. दोन देशांच्या सांस्कृतिक संबंधांवर असंख्य निबंध लिहिले गेले आहेत. पण परक्याची कथा सांभाळणे म्हणजे काय, हे या कादंबरीइतके नेमके फार थोड्यांनी सांगितले आहे.

पुढच्या दशकात तेइजी सेता यांनी ‘द हॉबिट’ (1965), पाठोपाठ नार्नियाच्या कथा आणि 1972 पासून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जपानीत आणले. सेता हायकूच्या जगात वावरलेले आणि मुलांच्या विश्वकोशाचे संपादन केलेले गृहस्थ. टॉल्किनची पात्रे, गावे आणि तलवारी यांना त्यांनी जपानी वळणाची नावे दिली आणि निवेदनाला जुन्या आख्यानांची चाल दिली. एवढे मात्र सांगायला हवे की 1980 च्या दशकातल्या जपानी खेळांमध्ये आणि चित्रकथांमध्ये दिसणारे लांब कानांचे एल्फ मुख्यतः अमेरिकी पटखेळांच्या मार्गाने आले. दोन देशांमधली ही वाट अनेकदा तिसऱ्या देशातून वळण घेत गेली आहे.

इवानामीच्या त्या ग्रंथमालेचा एक वाचक म्हणजे हायाओ मियाझाकी. विद्यापीठात ते बालसाहित्याच्या अभ्यासमंडळात होते आणि 1963 मध्ये अ‍ॅनिमेशनच्या व्यवसायात आले. ‘लापुता’ या 1986 च्या चित्रपटासाठी त्यांनी स्विफ्टच्या उडत्या बेटाचे नाव घेतले. पूर्वतयारीसाठी ते 1985 मध्ये वेल्सला गेले, तेव्हा खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप नुकताच मोडला होता. बंद पडत चाललेल्या खाणी आणि शेवटपर्यंत झुंजलेली माणसे त्यांच्या मनात ठसली. चित्रपटातले दरीच्या कड्यांना चिकटलेले खाणकामगारांचे गाव त्या भेटीतून आले. कल्पित बेट इंग्रजी पुस्तकातले आणि त्याखालची माणसे वेल्सच्या ताज्या इतिहासातली, असा हा संयोग आहे. ब्रिटनमधल्या एका श्रमिक समाजाचा पराभव जपानी मुलांच्या चित्रपटात इतक्या आदराने चितारला गेला, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत हृद्य गोष्टींपैकी एक म्हणावी लागेल.

डायना विन जोन्स यांची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ ही कादंबरीही 1986 चीच. मूळ कादंबरीत जादूगाराच्या घराचा एक दरवाजा थेट विसाव्या शतकातल्या वेल्समध्ये उघडतो आणि तो सामर्थ्यवान जादूगार तिथला एक साधा तरुण असल्याचे कळते. मियाझाकींच्या 2004 च्या चित्रपटात वेल्स नाही. त्या जागी युद्ध आहे: बॉम्बफेकी विमाने, जळणारी शहरे आणि कोणत्याही बाजूने लढायला नकार देणारा जादूगार. इराकवरच्या हल्ल्याबद्दलचा मियाझाकींचा संताप या चित्रपटात उतरला. जोन्स यांची खेळकर, कोडी घालणारी रचना त्यात बरीच हरवली, हे खरे. शापाने म्हातारी झालेल्या नायिकेचा, सोफीचा ताठा आणि मोकळेपणा मात्र चित्रपटाने पुरेपूर जपला. मूळ कादंबरीतले काय गळले याची यादी करणे सोपे आहे. जोन्स यांच्या कथेत युद्धविरोधी चित्रपटाला पेलणारी ताकद होती, हे ओळखायला मात्र दुसऱ्या देशातला कलावंत यावा लागला.

मियाझाकींच्या घिबली स्टुडिओच्या पुढच्या चित्रपटांनी कथा सरळ जपानमध्ये हलवल्या. हिरोमासा योनेबायाशी यांच्या ‘अ‍ॅरिएटी’त (2010) ‘द बॉरोअर्स’मधले कुटुंब टोकियोच्या पश्चिमेकडच्या घरात राहते. त्यांच्याच 2014 च्या चित्रपटात जोन रॉबिन्सन यांच्या ‘व्हेन मार्नी वॉज देअर’ या कादंबरीतली नॉरफोकची खाजण होक्काइदोच्या किनाऱ्यावर येते, भरती-ओहोटीसह. मार्नीच्या घरापर्यंत ओहोटीत चालत जाता येते आणि भरतीत फक्त होडीने, ही भूगोलाची अट कथेचा कणा आहे, आणि तो कणा तसाच ठेवून बाकी सारे बदलले आहे. चांगल्या रूपांतराची खूण हीच: काय हलवायचे नाही, हे ज्याला कळते त्याला बाकीचे हलवता येते.

ब्रिटनने या काळात जपानी कल्पनाविश्व कसे स्वीकारले? मुख्यतः पडद्यावरून आणि रंगमंचावरून. ब्रिटिश म्युझियमने 2019 मध्ये जपानी चित्रकथांचे मोठे प्रदर्शन भरवले. ऑक्टोबर 2022 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने लंडनच्या बार्बिकनमध्ये मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ हा चित्रपट रंगमंचावर आणला. कल्पना संगीतकार जो हिसाइशी यांची, नाट्यरूपांतर टॉम मॉर्टन-स्मिथ यांचे आणि दिग्दर्शन फेलिम मॅकडरमॉट यांचे. बाहुल्या चालवणारे कलाकार प्रेक्षकांना दिसतात, लपवले जात नाहीत. बुनराकू बाहुलीनाट्याची ही रीत इथे ब्रिटिश रंगभूमीवरच्या मुलांना अगदी सहज वाटते. या प्रयोगाला 2023 मध्ये सहा ऑलिव्हिए पारितोषिके मिळाली. मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’चा प्रवास उलटा झाला. जॉन केअर्ड या ब्रिटिश दिग्दर्शकाने जपानी नटसंचासह ते नाटक 2022 मध्ये टोकियोत बसवले, आणि 2024 मध्ये तो प्रयोग लंडनच्या कोलिझियममध्ये आला तो जपानी भाषेतच. प्रेक्षक इंग्रजी उपशीर्षके वाचत बसले आणि अनेक महिने गर्दी करत राहिले. ‘द मिकाडो’च्या शहरात जपानी नट जपानी भाषेत आपली अद्भुतकथा सादर करत होते, आणि तिला सजावटीचा पडदा म्हणून कुणी पाहत नव्हते.

जपानकडे जाणारा ओघही थांबलेला नाही, पण त्याचे स्वरूप पालटले आहे. ‘हॅरी पॉटर’चा पहिला जपानी अनुवाद 1999 मध्ये युको मात्सुओका यांनी केला आणि एका लहान प्रकाशनसंस्थेने तो काढला. 2014 मध्ये ओसाकाच्या मनोरंजन उद्यानात हॉगवर्ट्सचा किल्ला उभा राहिला, 2022 पासून टोकियोत ‘कर्स्ड चाइल्ड’ नाटक जपानीत सुरू झाले आणि 2023 मध्ये टोकियोतल्या एका जुन्या उद्यानाच्या जागी चित्रपटाच्या देखाव्यांचे भव्य दालन उघडले. इशिई यांच्या घरातले वाचनालय आणि हे दालन यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात वाचक घडत होता, दुसऱ्यात आधीच घडलेला चाहता येतो. दोन्हींची गरज असू शकते. परंतु नव्या लेखकांना जन्म देणारे वातावरण पहिल्या प्रकारच्या जागेतच तयार झाले, असे आतापर्यंतचा इतिहास सांगतो.

छापील पुस्तकांच्या बाबतीत तफावत अजून मोठी आहे. ‘द बॉरोअर्स’ जपानीत जायला चार वर्षे लागली. तोमिको इनुई यांची निळ्या पेल्याची कादंबरी लंडनच्या पुश्किन प्रेसने इंग्रजीत आणली ती 2015 मध्ये, छप्पन्न वर्षांनी. अनुवाद जिनी टॅपली ताकेमोरी यांचा. एइको कादोनो यांच्या तरुण चेटकिणीची, किकीची कथा 1985 ची. मियाझाकींचा तिच्यावरचा चित्रपट जगभर पोचला, 2018 मध्ये कादोनो यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये पफिनने त्या कादंबरीचा नवा अनुवाद ब्रिटनमधल्या मुलांसाठी काढला. पडद्यावरून परिचित झालेले पात्र पुस्तकातून भेटते तेव्हा वाचकाला तिथे वेगळीच किकी सापडते: चित्रपटातल्यापेक्षा निवांत, एकेका गिऱ्हाइकाच्या छोट्या कामातून वर्षभर हळूहळू मोठी होणारी. जपानमध्ये 1950 च्या दशकात अनुवादक, संपादक आणि घरगुती वाचनालये यांनी मिळून जे केले, ते ब्रिटनमध्ये आता काही मोजके अनुवादक आणि लहान प्रकाशक करू लागले आहेत.